पीळ, टाका आणि गाठ

(अर्नाळा येथे प्रौढांच्या रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज धाग्याविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, धाग्याविषयी बोलण्यासारखे काय आहे? दुकानात जावे, रीळ घ्यावे, झाले. पण आपले अर्नाळा गाव निम्मे धाग्यावर उभे आहे. होडी लाकडाची असते, इंजिन लोखंडाचे असते, पण मासळी हाती येते ती धाग्यामुळेच. जाळे नसेल तर होडी कशाला हवी?

मला सूत कातण्याचा आणि विणण्याचा छंद आहे. छंद म्हणजे पोटासाठी न केलेले काम. सध्या माझ्या हाती तीन कामे आहेत. एक, टकळीवर सूत कातणे चालू आहे. त्याचा पंचा विणून घ्यायचा आहे. दुसरे, नातीसाठी लोकरीचा स्वेटर. ती नाशिकला असते, तिकडे थंडी पडते. आपल्याकडे समुद्राकाठी लोकर कोण घालणार? तिसरे काम म्हणजे बाजाराची पिशवी. ती मी सुती दोऱ्याची, जाळ्याच्या गाठीने करते आहे. तिन्ही कामे मी इथे आणली आहेत. हाताळून बघा. मळली तरी चालतील.

आधी हा कापूस घ्या. प्रत्येकाने चिमूटभर घ्या. आता दोन्ही हातांनी ओढा. तुटला ना? लगेच तुटला. आता पुन्हा चिमूटभर घ्या. हळूच लांब करा आणि बोटांनी एकाच बाजूला पिळत राहा. पिळलात? आता ओढा. आता नाही तुटत. कापूस तोच, बोटेही तीच. मग फरक कशाने पडला? फक्त पिळाने. कापसाचे केस फार आखूड असतात, बोटाच्या दोन पेरांहून लहान. ते सुटे असले की एकमेकांवरून घसरतात. पिळले की एकमेकांना दाबून धरतात. जितके ओढाल तितके अधिक घट्ट धरतात. साऱ्या कातण्याचे मर्म एवढेच आहे. चरखा असो, टकळी असो, मुंबईची गिरणी असो, सगळ्यांनी केले ते हेच.

ही टकळी. खाली पितळेची चकती, मधून पोलादी दांडी, दांडीच्या टोकाला बारीकशी खाच. चकती जड असते म्हणून एकदा फिरवली की फिरत राहते. उजव्या हाताने फिरवायची. डाव्या हातात पेळू धरायचा. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळलेली पुणी. टकळी फिरते, पीळ वर चढतो, आणि डावा हात वर वर जातो. हात पुरता वर गेला की तार झाली. ती दांडीवर गुंडाळायची, पुन्हा पुढची तार.

आता थोडे गणित करू. तुम्ही बेरीज-गुणाकार शिकला आहात, म्हणून सांगते. खादीच्या जुन्या हिशेबात चार फुटांची एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे एका गुंडीत किती तारा? १६० गुणिले ४. बरोबर, ६४०. आणि फूट किती? ६४० गुणिले ४, म्हणजे २,५६०. हल्ली खादीवाले १,००० मीटरची गुंडी धरतात, पण मला तारांचा हिशेब सोपा वाटतो. मी तासाला ८० तारा कातते. माझ्याहून चपळ हात पुष्कळ आहेत. ८० तारांनी ६४० तारांना आठ तास लागतात. एका पंचाला माझ्या अंदाजाने सहा गुंड्या सूत लागेल. म्हणजे सहा अठ्ठे अठ्ठेचाळीस तास. रोज अर्धा तास कातले तर ९६ दिवस. तीन महिने आणि वर थोडे. पैशाच्या हिशेबाने हा धंदा वेडेपणाचा आहे, हे मी आधीच सांगून टाकते. बाजारात पंचा स्वस्त मिळतो.

पण याच अर्ध्या तासावर एके काळी देशाचे राजकारण चालले होते. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष होते. ते अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. तिथे ठराव झाला की काँग्रेसचे सभासद व्हायचे तर वर्गणी पैशात नको, सुतात द्या. महिन्याला २,००० वार सूत. २,००० वार म्हणजे ६,००० फूट, म्हणजे १,५०० तारा. माझ्या हाताने याला पावणेएकोणीस तास लागतील. महिन्याच्या ३० दिवसांत वाटले तर रोज सदतीस-अडतीस मिनिटे. वकील असो, जमीनदार असो, कातायचे म्हणजे कातायचे. पुष्कळांना ते जमले नाही. कोणी दुसऱ्याकडून कातून घेऊन देत. पुढच्याच वर्षी नियम सैल झाला. सूत किंवा पैसे, हवे ते द्या, असे ठरले. मला वाटते, नियम करून हात चालत नाही. ज्याला गोडी लागली तो कातत राहिला.

१९२९ साली चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. खेड्यातल्या घरात चालेल, स्वस्त असेल, आणि पुष्कळ सूत देईल, असा चरखा करून दाखवा, अशी अट होती. त्या काळचे एक लाख! तरी सगळ्या अटी पुऱ्या करणारा चरखा कोणाला करता आला नाही. मात्र पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी होते, तेव्हा पेटीत बसणाऱ्या लहान चरख्याला आकार आला. त्याला येरवडा चक्र म्हणतात. पेटी मिटली की पुस्तकासारखी काखेत मारून न्यावी. पुढे अंबर चरखा आला. त्याला एकाहून जास्त चात्या असतात. स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या सुमारास, सरकारने तो गावोगाव नेला.

आता लोकरीकडे वळू. आपल्या महाराष्ट्रात लोकर धनगर मंडळींची. सोलापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर या भागांत दख्खनी मेंढ्या आहेत. मेंढरांमागे चालता चालता लोकर कातणारे धनगर तुम्ही पाहिले असतील. पाय चालतात, हात चालतात, डोळे मेंढरांवर असतात. त्या लोकरीची घोंगडी होते. चिंचोक्याची खळ लावून ती कडक करतात. पावसात घोंगडी पांघरली की पाणी बराच वेळ आत येत नाही. पण ही लोकर भरड असते, टोचते. लहान मुलीच्या गळ्याला ती लावता येणार नाही. म्हणून स्वेटरची लोकर मी दुकानातली मऊ घेतली आहे.

स्वेटर दोन सुयांवर विणतात. एक सुलट टाका, एक उलट टाका, बस्स, अक्षरे दोनच. या दोन अक्षरांत सगळे लिहिता येते. दोन सुलट दोन उलट घातले की पट्टी ताणते आणि पुन्हा मिटते. म्हणून मनगटाला आणि कमरेला ती घालतात. विणण्याआधी मी नेहमी लहानसा चौकोन विणते आणि पट्टी लावून टाके मोजते. या लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात. नातीच्या स्वेटरचा पुढचा भाग ३० सेंटिमीटर रुंद हवा. मग सुईवर टाके किती घालायचे? २२ गुणिले ३, म्हणजे ६६. हा हिशेब मी वहीत लिहून ठेवते. तारीख, सुईचा नंबर, टाके, कुठे कमी केले, कुठे वाढवले, सारे. पुढच्या वर्षी नात वाढेल, तेव्हा वही काढायची आणि टाके वाढवायचे. डोक्यात ठेवलेले विसरते, वहीतले राहते.

आता हे बघा. मी सुईवरून एक टाका सोडते. आणि खालचा धागा जरा ओढते. बघा, टाका खाली खाली उसवत चालला. एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, अशी ही रचना आहे. एक सुटला की त्याच्या आधाराने उभे असलेले सगळे सुटतात. स्वेटरला याचा फायदाही आहे. जुना झाला की उसवावा, लोकर धुवावी, पुन्हा नवा विणावा.

पण जाळे असे असते तर? विचार करा. ओहोटीच्या जोरात डोल लावली आहे. तोंड पाण्याच्या धारेकडे, शेपूट मागे. एखाद्या काठीला अडकून एक धागा तुटला. जाळे जर स्वेटरसारखे विणलेले असते, तर एका धाग्यापायी मोठे भोक पडले असते आणि सगळे बोंबील पुन्हा समुद्रात गेले असते. म्हणून जाळ्यात टाका नसतो, गाठ असते. प्रत्येक गाठ आपापल्या जागी पक्की. इथला धागा तुटला तर इथलेच भोक. शेजारची गाठ म्हणते, माझे काही बिघडले नाही.

ती गाठ मी माझ्या पिशवीत घातली आहे. वरच्या फासातून सुई खालून वर काढायची. फासाच्या दोन्ही पायांमागून धागा फिरवायचा. मग आपल्याच धाग्याखालून सुई काढून ओढायची. झाली गाठ. समोर बसलेल्या काकांना हे हसू येत असेल. त्यांचे हात डोळे मिटून ही गाठ मारतात! मी त्यांच्याच पिढीच्या माणसांकडून, वाळूत बसून, ही शिकले. आणि गाठींचे जाळे हे काही कालपरवाचे नाही. १९१३ साली उत्तरेकडे, तेव्हाच्या फिनलंडमध्ये, एका दलदलीत जाळे सापडले. झाडाच्या सालीच्या तंतूंचे ते जाळे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे आहे असे ठरले. तेव्हा शेतीही बहुतेक ठिकाणी नव्हती. माणसाने धान्य पेरण्याआधी गाठ मारली, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडे आधी जाळी सणाची आणि सुताची असत. सण कातायचा, दोन-तीन पदर एकत्र पिळायचे, मग विणायचे. पदर पिळताना एक युक्ती असते. एकेक धागा ज्या बाजूला पिळला, त्याच्या उलट्या बाजूला सगळे मिळून पिळायचे. मग एकाचा पीळ सुटू बघतो, तेव्हा दुसरा आवळतो. म्हणून दोर आपसूक उलगडत नाही. कोणताही जाड दोर हाती घ्या आणि निरखा, पदरांचा पीळ एकीकडे आणि दोराचा दुसरीकडे दिसेल.

सुती आणि सणाची जाळी खाऱ्या पाण्यात कुजत. कापूस हा झाडाचाच, त्याला सूक्ष्म जंतू खातात. म्हणून ऐनासारख्या झाडाची साल उकळून त्या तुरट पाण्यात जाळी बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. हे काम संपत नसे. मग नायलॉन आले. १९३५ साली अमेरिकेत एका प्रयोगशाळेत कॅरोथर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले. आधी त्याचे दात घासायचे ब्रश झाले, मग बायकांचे मोजे, आणि पुढे जगभरच्या कोळ्यांची जाळी. ते कुजत नाही, हलके असते, ओले झाले तरी ताकद टिकवते. कोळ्याचे कष्ट त्याने खरेच वाचवले. नायलॉन वाईट असे मी म्हणणार नाही. ज्याने सालीच्या काढ्याने हात काळे केले आहेत, तो तर मुळीच म्हणणार नाही.

पण जी गोष्ट कुजत नाही ती तुटून समुद्रात पडली तरीही कुजत नाही. सुताचे तुटलेले जाळे काही काळाने संपून जाई. नायलॉनचे तुकडे तळाशी वर्षानुवर्षे पडून राहतात आणि मासळी धरत राहतात. ती मासळी कोणाच्याही टोपलीत येत नाही. तिथेच मरते. ती आपलीच मासळी असते. म्हणून दुरुस्ती करताना कापलेले तुकडे वाळूत टाकू नका. भरती आली की ते पाण्यात जातात. एक गोणी जवळ ठेवावी, एवढेच.

धागा कशाचा आहे हे ओळखायचे असेल तर लहानसा तुकडा चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखे जळते आणि राख होते. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. नायलॉन वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. तो मणी गरम असताना बोट लावू नका, चिकटतो.

आता जरा पैशाचे बोलू. नायलॉनचा दोरा तुम्ही किलोवर घेता. त्याच्या रिळावर चिठ्ठी असते. चिठ्ठीवर आकडे असतात, असे: २१०/२/३. बहुतेक वेळा ते इंग्रजी आकडे असतात, म्हणून इंग्रजी आकड्यांची ओळख लवकर करून घ्या. या आकड्यांचा अर्थ मी फळ्यावर लिहिते. पहिला आकडा २१०. म्हणजे मूळ बारीक धागा असा की त्याचे ९,००० मीटर लांब सूत घेतले तर वजन २१० ग्रॅम भरते. दुसरा आकडा २. म्हणजे तसे दोन धागे मिळून एक पदर. तिसरा आकडा ३. म्हणजे तसे तीन पदर पिळून दोरा केला. एकूण धागे किती? दोन त्रिक सहा. सहा गुणिले २१०, म्हणजे १,२६०. म्हणून ९,००० मीटर दोऱ्याचे वजन सुमारे १,२६० ग्रॅम. एका किलोत किती मीटर? सुमारे ७,१००. पिळामुळे थोडे कमीच धरा.

आता दुसरे रीळ बघा. यावर २१०/३/३ आहे. तीन त्रिक नऊ धागे. नऊ गुणिले २१०, म्हणजे १,८९०. एका किलोत सुमारे ४,७०० मीटर. रंग तोच, डोळ्यांना फरक फारसा कळत नाही, किलो तोच. पण लांबी जवळजवळ अडीच हजार मीटरने कमी! ज्याला जाड दोरा हवा त्याने जाडच घ्यावा. पण बारीक हवा असताना कोणी जाड दिला, तर जाळे पुरे व्हायच्या आत दोरा संपेल. आणि जाड हवा असताना बारीक मिळाला, तर पहिल्याच उधाणात कळेल. दुकानदार फसवतोच असे नाही. त्याच्याकडूनही रिळांची अदलाबदल होते. चिठ्ठी वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला तो अधिक सांभाळून माल देतो, इतके खरे.

आकड्यांवरून आणखी एक आठवले. जाळ्याच्या भोकाला आपण आस म्हणतो. आस मोजताना ती ताणून, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात. विणताना आपण ज्या पट्टीवर धागा घेतो, त्या पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट आस होते. पट्टी २० मिलिमीटर, तर आस ४०. माझ्या पिशवीची आस ४० आहे. कांदे राहतात, लसूण निसटते! डोलीत आस तोंडाशी मोठी असते आणि शेपटाकडे बारीक होत जाते. शेपटाची आस जितकी बारीक, तितकी लहान पिल्ले आत अडकतात. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या मासळीची कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासळी धरायची नाही, असा नियम केला. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्याचा मासा हा मानही मिळाला. मान दिला म्हणून मासा वाढत नाही, हे आपण जाणताच. पिल्लू मोठे होऊन अंडी घालेपर्यंत त्याला जाळ्यातून सुटता आले पाहिजे. नियम मुंबईत होतो, पण आसाची पट्टी आपल्या हातात असते. यावर होडीवाल्यांची दोन मते आहेत, मी ऐकली आहेत. एक म्हणतो, मी मोठी आस ठेवली आणि शेजाऱ्याने बारीक ठेवली, तर माझेच नुकसान. त्याचे म्हणणे खोटे नाही. सगळ्यांनी मिळून ठरवले तरच ते चालेल, आणि ते सोसायटीच्या सभेत ठरायचे आहे. त्या सभेत कागद वाचला जातो, तेव्हा आता तुम्हालाही तो वाचता येईल.

जाळी हल्ली यंत्रावर विणून तयार येतात. नवे जाळे हाताने विणणारे थोडे उरले. पण फाटलेले जाळे शिवायला अजून तरी हातच लागतो. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की अर्नाळ्याच्या वाडीत आणि तिकडे किल्ल्यातही ओट्यांवर हेच काम चालते. तरुण मुले मोबाइलवर बोट फिरवतात आणि आजोबा जाळे शिवतात, असे मी बघते. मुलांना राग यावा म्हणून नाही सांगत. पण ज्या दिवशी आजोबांचे डोळे थकतील, त्या दिवशी दुरुस्तीला माणूस बाहेरून आणावा लागेल, आणि त्याची मजुरी द्यावी लागेल. ओट्यावर अर्धा तास बसलात तर गाठ येते. मला आली, तर दर्यात वाढलेल्या पोरांना का येणार नाही?

मी सहा टकळ्या आणि थोडे पेळू आणले आहेत. सुई आणि पट्टीही आहे. ज्यांना कातून बघायचे त्यांनी माझ्याजवळ या. ज्यांना गाठ शिकायची त्यांनी काकांकडे जावे, माझ्यापेक्षा ते चांगली शिकवतील. आणि ती दोन रिळे टेबलावर ठेवली आहेत. जाताना दोन्ही चिठ्ठ्या वाचा आणि जाड दोऱ्याचे कोणते ते मला सांगा. आता फळा मी पुसते, म्हणजे बघून सांगता येणार नाही.